पैठणीचा खेळ परत आणा, पण मंचावर कोण येणार ते आधी ठरवा



संक्रांत ते रथसप्तमी आणि नवरात्र, हे दोन मोसम आले की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात एक बॅनर हमखास दिसतो. 'खेळ पैठणीचा'. सावेडीत दिसतो, केडगावात दिसतो, पाथर्डी-शेवगावकडे गेलात तर तिथेही दिसतो. वर नेत्यांचे फोटो, मधे पैठणी, बाजूला फ्रिज, मिक्सर, आता तर काही ठिकाणी स्कूटीसुद्धा. आणि सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरांत, पाच-सात छोट्या दुकानदारांची नावं. सौजन्य म्हणून.

त्या बारीक अक्षरांतल्या लोकांसाठी आजचा लेख आहे. म्हणजे तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. माझं लेडीज कटलरी आणि गिफ्टचं दुकान आहे, त्यामुळे दर मोसमात कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन येतंच. "ताई, पाच हजार द्या, स्टेजवरून तुमच्या दुकानाचं नाव घेऊ." ट्रेनिंगच्या बॅचमध्येही हा प्रश्न हमखास येतो, की मॅडम, स्पॉन्सर व्हावं का? व्हिडिओत मी यावर दोन मिनिटं बोलले, पण हा विषय दोन मिनिटांचा नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा खेळ चांगला आहे आणि तो टिकून राहिला, हेही चांगलं आहे. पण आपण बक्षीस मोठं करत चाललोय आणि मंचावर मात्र त्याच त्या बायकांना बोलावतोय. करायला पाहिजे नेमकं उलटं. बक्षीस लहान ठेवा, आणि आजपर्यंत खाली बसलेल्या बायकांना वर बोलवा. धंद्याच्या दृष्टीनेही हेच फायद्याचं आहे. कसं ते सांगते.

मूळ कार्यक्रमात होतं काय?

'होम मिनिस्टर' झी मराठीवर सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये थांबला. अठरा वर्षं! माझ्या वयाच्या मंडळींनी शाळा-कॉलेजचा अभ्यास या कार्यक्रमाचा आवाज कानावर घेत केलाय. आदेश बांदेकर घरी यायचे, बाईला 'वहिनी' म्हणायचे, आणि सगळा महाराष्ट्र त्यांना 'भावोजी' म्हणायला लागला.

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. या कार्यक्रमाला लागत काय होतं? भव्य सेट नाही. लोकांचीच घरं, लोकांच्याच चाळी, सोसायट्या, अंगणं. खेळ म्हणाल तर अगदी साधे, घरातल्या वस्तू घेऊन खेळता येतील असे. थोड्या गप्पा, उखाणा, लग्न कसं जमलं याची गोष्ट, सासूबाईंची थट्टा. शेवटी पैठणी.

बायका फक्त पैठणीसाठी बघत होत्या का? पैठणी तर एकीलाच मिळायची. बाकीच्या लाखो बायका घरी बसून बघतच होत्या. त्यांना काय मिळत होतं? एक साधी बाई, जिला एरवी 'अहो, चहा टाका' एवढंच ऐकू येतं, तिला कोणीतरी समोर बसवून विचारतंय की तुम्ही कशा आहात, तुम्हाला काय आवडतं. तिचं नाव टीव्हीवर येतंय. तिचा नवरा सगळ्यांसमोर तिचं कौतुक करतोय. हा मान हाच कार्यक्रमाचा खरा माल होता. पैठणी हे त्या मालाचं पॅकिंग. पॅकिंग सुंदर होतं, मान्य. पण लोक पॅकिंगसाठी अठरा वर्षं थांबत नाहीत.

याचा पुरावा २०२० मध्ये मिळाला. लॉकडाऊनमध्ये कोणाच्या घरी जाणं शक्य नव्हतं. तेव्हा 'होम मिनिस्टर घरच्या घरी' आला, व्हिडिओ कॉलवर. ना अंगण, ना शेजारीपाजारी जमलेले. तरी कार्यक्रम झाला, कारण बाईशी बोलणं शिल्लक होतं.

अकरा लाखांची पैठणी

मग २०२२ च्या एप्रिलमध्ये 'महामिनिस्टर' आला. घराऐवजी मोठा मंच, वेगवेगळ्या शहरांतल्या वहिनी, आणि बक्षीस अकरा लाखांची पैठणी. येवल्यात विणलेली. लोकांनी तोंडात बोटं घातली आणि टीकाही भरपूर केली. अकरा लाखांची साडी नेसून बाई जाणार कुठे, त्यापेक्षा घर द्या, मुलांचं शिक्षण करा, असं लोक उघड बोलत होते. विणकरांना काम मिळतं ही दुसरी बाजूही होती, आणि ती खोटी नाही. जूनमध्ये रत्नागिरीच्या एका वहिनींनी ती जिंकली. त्यानंतर 'होम मिनिस्टर' पुन्हा आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थांबला.

मोठ्या बक्षिसामुळे कार्यक्रम बंद पडला असं मी म्हणणार नाही. वाहिनीची गणितं वेगळी असतात. पण एक गोष्ट तुम्हीच आठवून बघा. त्या तीन महिन्यांत घराघरांत चर्चा कशाची झाली? साडीची. तिच्या किमतीची. त्याआधीच्या सतरा वर्षांत चर्चा वहिनींची व्हायची. "अगं, त्या पुण्याच्या वहिनींनी काय उखाणा घेतला!" अशी. बक्षीस मोठं झालं की माणूस मागे पडतो.

आता कोणी म्हणेल, ताई, मग 'कौन बनेगा करोडपती'चं काय? तिथे तर बक्षीसच मोठं आहे. बरोबर आहे. ३ जुलै २००० ला तो सुरू झाला तोच एक कोटीच्या आकड्यावर. तिथे पैसा हा कार्यक्रमाच्या नावातच आहे. तरीही गंमत बघा. २००७ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या जागी शाहरुख खान आले. नंतर २०१० मध्ये सोनीवर कार्यक्रम परत आला तेव्हा पुन्हा अमिताभ यांनाच खुर्चीवर बसवलं. आणि २०१९ चं पर्व आठवा. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, त्यांनी एक कोटी जिंकले. आपल्याला आकडा आठवतो तो त्या बाईंमुळे. एक कोटी बाकीच्यांनीही जिंकलेत, त्यांतली किती नावं सांगता येतील तुम्हाला?

धंदा कुठलाही असो, जुनी गोष्ट परत सुरू करताना हा प्रश्न आधी विचारायचा. गिऱ्हाईक कशासाठी येत होतं? वडिलांचं बंद पडलेलं दुकान उघडताय? आईचा पापडाचा धंदा पुन्हा सुरू करताय? नवा बोर्ड आणि नवं फर्निचर नंतर. आधी दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारून या, की तुम्ही आमच्याकडेच का यायचात. उत्तर बहुतेक वेळा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वेगळं निघतं.

पन्नास डॉलरचा कार्यक्रम

आता थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण तिथला एक जुना खेळ आपल्या कामाचा आहे.

'व्हॉट्स माय लाइन?' नावाचा कार्यक्रम सीबीएस वाहिनीवर १९५० मध्ये सुरू झाला आणि १९६७ पर्यंत चालला. पॅनेलचा खेळ. चार जाणती माणसं एका टेबलामागे बसायची. समोर एक साधा माणूस यायचा. पॅनेलने त्याचा कामधंदा ओळखायचा. प्रश्न असे विचारायचे की उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' येईल. तुम्ही वस्तू विकता का? ती घरात वापरतात का? खायची आहे का? प्रत्येक 'नाही'ला त्या माणसाला पाच डॉलर. दहा 'नाही' झाले की पॅनेल हरलं. म्हणजे जास्तीत जास्त बक्षीस पन्नास डॉलर!

पन्नास डॉलरवर सतरा वर्षं. पुढे १९६८ मध्ये तोच कार्यक्रम नव्या रूपात परत आला आणि १९७५ पर्यंत चालला. नव्या रूपात बक्षीस वाढवून लोक खेचले नाहीत. आलेली माणसं आपलं काम तिथेच करून दाखवायला लागली. म्हणजे जे लोकांना आवडत होतं, तेच आणखी जवळून दाखवलं.

हे वाचलं तेव्हा मला पहिला विचार आला तो आपल्या मांडवाचा. आपल्याकडे बाईला मंचावर बोलावून फुगे फोडायला लावतात, संगीत खुर्ची खेळवतात, नवऱ्याचं नाव घ्यायला सांगतात. चांगलंच आहे, हसतो आपण. पण तिचा धंदा काय, हे कोणी विचारतं का? आपल्या जिल्ह्यात घराघरांत बायका काम करतात. कोणी फॉल-पिको करतं, कोणी मसाला कुटून देतं, कोणाची पिठाची गिरणी आहे, कोणी गोधड्या शिवतं, कोणाच्या दहा शेळ्या आहेत. शेजारच्या गल्लीतल्या बाईला हे माहीत नसतं आणि ती तोच मसाला बाजारातून आणते.

म्हणून माझी सूचना. पैठणीच्या खेळात एक फेरी वाढवा. नाव ठेवा 'ओळखा माझा धंदा'. समोरच्या बायकांतून चौघींचं पॅनेल करा. एक धंदेवाली बाई मंचावर येईल. चौघी पाळीपाळीने प्रश्न विचारतील, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. दहा 'नाही' झाले की ती जिंकली. शेवटी तिने आपलं नाव आणि धंदा सांगायचा आणि वस्तू दाखवायची. पाच मिनिटांची फेरी. साठ बायकांना तिचा धंदा कळला, आणि हसत-खेळत कळला, म्हणून लक्षात राहिला. बॅनरच्या कोपऱ्यातलं नाव कोणाच्या लक्षात राहतं हो?

आता मुद्द्याचं बोलते

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढचं बोललं की काही जण गप्प होतात. तरी बोलणार आहे.

अनेक ठिकाणी या खेळाच्या निमंत्रणावर लिहिलेलं असतं, 'सर्व सुवासिनींनी उपस्थित राहावे'. लिहिलेलं नसलं तरी अर्थ तोच घेतला जातो, कारण कार्यक्रम हळदीकुंकवाला जोडलेला असतो. म्हणजे जिचा नवरा गेला ती बाई आपोआप बाहेर. कोणी तिला 'येऊ नको' म्हणत नाही. तीच येत नाही. किंवा येते आणि मागे बसते.

माझ्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. नवरा गेल्यावर चिवडा आणि लाडूचा धंदा उभा केला, दोन मुलं शिकवली. त्यांच्या भागातल्या पैठणीच्या खेळाला नाश्ता त्यांचाच होता. सकाळपासून राबल्या, शंभर पुड्या भरल्या, नेऊन दिल्या. मंचावरून आभार मानले गेले, पण ज्यांनी पैसे दिले त्यांचे. या ताई मांडवाच्या मागे, भांड्यांजवळ उभ्या. मी विचारलं, "ताई, तुम्ही खेळायला का नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "आपलं काय काम तिथं?" रागाने नाही, अगदी सहज म्हणाल्या. ते सहज म्हणणंच मला जास्त लागलं.

त्या भागातल्या साठ-सत्तर बायकांत सगळ्यात चांगला धंदा करणारी बाई भांड्यांजवळ उभी होती. मला सांगा, हा कसला नारीचा सन्मान?

आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो ते आठवा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. त्यानंतर त्यांनी राज्य चालवलं, घाट बांधले, मंदिरं उभारली, आणि महेश्वरला विणकर आणून वसवले. आज आपण दुकानात जी महेश्वरी साडी विकतो ना, तो उद्योग एका विधवा बाईने उभा केलेला आहे. तिच्या नावाच्या जिल्ह्यात, साडीच्याच खेळात, विधवा बाईला जागा नाही. जरा तरी खटकतं की नाही?

आणि मी काही जगावेगळं बोलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. लगेच त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितलं. गावाची ग्रामपंचायत एवढं करू शकते, तर आपण एका खेळाचं निमंत्रण बदलू शकत नाही?

"पण ताई, लोक काय म्हणतील? जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली तर?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. छोट्या दुकानदाराला गल्लीशी भांडून चालत नाही. म्हणून भांडायचंच नाही. भाषण नको, घोषणा नको, 'आम्ही विधवांना संधी दिली' असा बॅनर तर मुळीच नको. त्याने त्या बाईला आणखी अवघडल्यासारखं होतं. फक्त चार गोष्टी बदला.

१. निमंत्रणावर 'सर्व महिलांसाठी' लिहा. बास. खाली खुलासा नको.

२. हळदीकुंकू आणि खेळ वेगळे ठेवा. हळदीकुंकू ज्यांच्या घरी जसं चालतं तसं आधी होऊ द्या. खेळाची वेळ वेगळी जाहीर करा.

३. उखाणा ज्यांना हवा त्यांनीच घ्यायचा. मंचावर येणाऱ्या प्रत्येकीला आधी विचारा, "तुमचं नाव काय आणि तुम्ही काय करता?" अमक्याच्या मिसेस म्हणून पुकारू नका. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत आहे, असू दे. पण बाईने स्वतःचं नाव सांगायचीही पद्धत पडू दे.

४. जिला बोलवायचं तिला एक दिवस आधी घरी जाऊन सांगा. आयत्या वेळी पुकारलं तर ती उठणार नाही. "तुमचा धंदा ओळखायचा खेळ आहे, तुम्ही याच," असं सांगितलं की ती येते, कारण मग ती धंदेवाली म्हणून येते. कोणाची कोण म्हणून यायची गरजच राहत नाही.

बघा, 'ओळखा माझा धंदा' ही फेरी मी उगीच सुचवली नाही. त्या फेरीत कपाळाकडे कोणी बघत नाही. सगळ्यांचं डोकं एकाच प्रश्नात असतं, की ही विकते काय?

हिशोब मांडू

तुम्ही म्हणाल, मत ठीक आहे, आकडे सांगा. सांगते. समजा तुमच्याकडे जाहिरातीला दहा हजार रुपये आहेत. एक मार्ग, मोठ्या मंचावर सौजन्यात नाव द्या. तिथे बाकी दहा नावं असतील आणि वर नेत्यांचे फोटो असतील. दुसरा मार्ग, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा मंदिराच्या सभामंडपात साठ बायकांचा स्वतःचा खेळ.

साधारण असा खर्च धरा. एक सेमी पैठणी १,२०० रुपये. नऊ छोटी बक्षिसं प्रत्येकी १५० प्रमाणे १,३५०. साठ जणींचा चहा-नाश्ता ३० प्रमाणे १,८००. माईक-स्पीकर १,५००. खुर्च्या ६००. गजरे आणि किरकोळ ५००. झाले ६,९५०. उरलेल्या पैशांतून साठ बायकांना ५० रुपयांचं तुमच्याच मालाचं वाण, म्हणजे ३,०००. एकूण ९,९५०. दर तुमच्या गावात थोडे इकडे-तिकडे होतील, पण गणित एवढंच आहे. आणि नाश्ता कोणाकडून घ्याल? अशाच एखाद्या धंदेवाल्या ताईंकडून घ्या आणि त्यांना मंचावर बोलवा.

साठ बायकांनी तुमचा माल हातात घेतला, तुम्हाला तोंडाने ओळखलं. पाच हजारांच्या सौजन्यात हे मिळत नाही.

काही काळजी मात्र घ्या.

सेमी पैठणीला सेमीच म्हणा. पैठणीला जीआय मानांकन आहे. हातमागाची खरी पैठणी आपल्या शेजारीच मिळते. कोपरगाव ओलांडलं की येवला, शेवगावहून गोदावरी पार केली की पैठण. इथल्या बायकांना फरक कळतो. बॅनरवर 'अस्सल येवला पैठणी' आणि पिशवीत यंत्रमागाची साडी निघाली, तर त्या तोंडावर बोलणार नाहीत, पण तुमच्या दुकानातही येणार नाहीत.

बक्षीस दहा हजारांच्या आत ठेवा. खेळात जिंकलेलं बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की देणाऱ्याला त्यावर ३० टक्के कर कापून भरावा लागतो, आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असलं तरी तो सुटत नाही. अकरा लाखांच्या साडीवर ३० टक्के म्हणजे तीन लाख तीस हजार होतात. छोट्या बक्षिसाचा हाही एक फायदा.

खरेदीची अट, बिलावर कूपन, प्रवेश फी यातलं काही ठेवू नका. धंदा वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडती यांच्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कडक नजरेने बघतो. खेळ बचत गटाचा किंवा मंडळाचा असू द्या, तुम्ही मदत करणारे राहा, निकाल सगळ्यांसमोर लावा. मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर आधी वकिलाला किंवा सीएला विचारा.

'होम मिनिस्टर' हे नाव, त्याचा लोगो, त्याचं शीर्षकगीत बॅनरवर वापरू नका. ते वाहिनीचं आहे. आपल्या खेळाला आपलं नाव द्या.

फोन नंबर फक्त ज्या स्वतःहून देतील त्यांचेच घ्या. आणि रात्री दहाच्या आत माईक बंद.

शेवटचं

टीव्हीवर जुने कार्यक्रम परत येतात, जातात. त्यांच्याकडे पैसा आहे, ते प्रयोग करू शकतात. आपल्याकडे पैसा कमी आहे, पण एक गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त आहे. आपल्याला गल्लीतली प्रत्येक बाई नावाने माहीत आहे. कोण काय करते, कोणावर काय बेतलं, कोण कशातून वर आली. हे कुठल्याही वाहिनीला विकत मिळत नाही.

म्हणून येत्या संक्रांतीला एक काम करा. आजच एक कागद घ्या आणि तुमच्या गल्लीतल्या दहा धंदेवाल्या बायकांची नावं लिहा. त्यांतल्या किती जणी आजपर्यंत कधी मंचावर गेल्या नाहीत, त्यांच्या नावापुढे खूण करा. तुमच्या खेळाचं पहिलं निमंत्रण त्यांना जाऊ द्या, आणि ते द्यायला तुम्ही स्वतः जा.

पावतीपुस्तक घेऊन कोणी आलं तर चहा पाजा, शंभर रुपये द्या आणि सांगा, "यंदा आमचा स्वतःचा खेळ आहे. तुमच्या घरच्यांनाही पाठवा."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा नीट करा, हिशोब रोज लिहा.